उसन्या आज्ञांचा पत्ता

गणित सोडवताना आपण पायथागोरसचा सिद्धान्त दर वेळी नव्याने सिद्ध करीत बसत नाही. तो एकदा सिद्ध झाला आहे, म्हणून नुसता वापरतो. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही हीच सोय हवी होती. ती कशी मिळाली ते पाहू.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला 'एड्सॅक' हा संगणक ६ मे १९४९ रोजी सुरू झाला. लवकरच विल्क्स यांच्या ध्यानात आले, की आज्ञावलीतील चुका शोधण्यातच आपला फार वेळ जाणार आहे. मग एकदा तपासलेला भाग जपून का ठेवू नये? भागाकार, वर्गमूळ, छपाई अशा कामांच्या उप-आज्ञावली छिद्रांच्या कागदी फितींवर उतरवून कपाटात ठेवल्या गेल्या. १९५१ पर्यंत त्या ८७ झाल्या. हे त्यांचे ग्रंथालय!

पण अडचण होती. उसनी फीत स्मृतीच्या आज शंभराव्या कप्प्यापासून बसेल, तर उद्या दोनशेव्या. मग 'एकशेपाचव्या कप्प्याकडे जा' ही तिच्यातील आज्ञा उद्या चुकीची ठरणार. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने तोड काढली. आज्ञेत 'माझ्या सुरुवातीपासून पाचवा कप्पा' एवढेच लिहायचे आणि शेवटी एक खुणेचे अक्षर द्यायचे. फीत वाचताना अवघ्या ४१ प्रारंभिक आज्ञांचा संच ती खूण पाहून खरा पत्ता बेरजेने काढी.

आता आपल्या खिशातील फोनकडे येऊ. अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंसाठी एकच अ‍ॅप लिहिता यावे म्हणून 'फोनगॅप' तयार झाले. २०११ मध्ये त्याचा गाभा अपाची फाउंडेशनकडे गेला आणि पुढे 'कॉर्डोव्हा' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातील प्लगइन म्हणजे उसनी आणलेली करामतच. तिच्यासोबत एक वर्णनपत्र असते. अँड्रॉइडसाठी ग्रंथालयाची कोणती फाइल घ्यायची, आयफोनसाठी कोणती आणि ती कोठे ठेवायची, हे त्यात लिहिलेले असते.

येथेही पत्ता चुकतो. ३२ बिटांच्या आणि ६४ बिटांच्या प्रोसेसरसाठी वेगळ्या फाइली लागतात आणि त्या वेगळ्या कप्प्यांत असतात. समजा, अ‍ॅपमध्ये दोन ग्रंथालये आहेत. एकाच्या दोन्ही फाइली आहेत, दुसऱ्याची फक्त ३२ बिटांची. ६४ बिटांचा अँड्रॉइड फोन ६४ बिटांचा कप्पा पाहून तोच निवडतो. दुसरे ग्रंथालय तेथे नसतेच! अ‍ॅप बंद पडते आणि लिहिणारा बिचारा स्वतःच्या निर्दोष आज्ञा पुन्हा पुन्हा तपासत बसतो. २०१७ मध्ये 'आयओएस ११' ने ३२ बिटांची अ‍ॅप्स चालवणे थांबवले. ज्यांना कोणी वाली उरला नव्हता अशी अनेक चांगली अ‍ॅप्स त्या फोनवर उघडेनाशी झाली. त्यांची कामगिरी जुनी झाली नव्हती, पण नव्या घरात त्यांना जागा नव्हती.

वर्गात हे सहज दाखवता येईल. 'तिसऱ्या ओळीकडे परत जा' अशी सूचना असलेली पाच ओळींची चिठ्ठी दोन विद्यार्थ्यांना वहीत निरनिराळ्या ओळींपासून उतरवायला सांगावी. वहीच्या ओळी मोजून पाहिल्या की कोणता आकडा बदलायला हवा, हे मुलेच सांगतील. व्हीलरला सुटलेले कोडे तेच होते.