हेडलाईटमधलं आयोडीन

गाडीच्या प्रथमोपचार पेटीतलं टिंक्चर आयोडीन आणि बॉनेटपुढच्या हेडलाईटमधला हॅलोजन बल्ब हे सख्खे भाऊबंद आहेत. हेडलाईटसाठी आला तेव्हा या बल्बचं नावच आयोडीनचा दिवा असं होतं. फ्रान्स-इटलीतले जुने रॅलीवाले अजूनही तसंच म्हणतात. आपण मात्र दुकानात जाऊन 'एच-4 द्या, जरा पांढरा उजेड पडेल असा' एवढंच सांगतो. अंधाऱ्या घाटात नीट दिसावं म्हणून कोणता बल्ब घ्यावा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर या बल्बच्या कुळातच दडलेलं आहे, म्हणून आधी कूळ सांगतो.

एच-4 बल्ब एकदा दिवसाउजेडी निरखून पाहा, फक्त काचेला बोट लावू नका. करंगळीएवढी काचेची कुपी, तिच्या टोकाला काळसर लेप, आत दोन बारीक तारांची वेटोळी. पुढचं वेटोळं डिपरचं. त्याच्याखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ही वाटी खालच्या बाजूचा प्रकाश अडवते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ देत नाही. मागचं वेटोळं अप्परचं, ते उघडं. 55 आणि 60 वॅट. या दोन तारा कुपीत जिथे बसतात ती जागा मिलिमीटरच्या हिशेबात ठरलेली असते, कारण मागचा रिफ्लेक्टर त्या जागेसाठीच घडवलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मोटारीच्या दिव्याचा आधीचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: तेलाचे कंदील, मग कार्बाइडवर पाणी टाकून पेटवायचे अॅसिटिलीनचे दिवे, आणि 1912च्या कॅडिलॅकपासून सेल्फ-स्टार्टरबरोबर वीज. विल्यम कूलिजने 1910च्या सुमारास टंगस्टनची न तुटणारी तार ओढून दाखवली आणि तारेचा प्रश्न सुटला.

काचेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. पांढरीशुभ्र तापलेली टंगस्टनची तार हळूहळू झिजते. तिचे कण उडतात आणि गार काचेवर जाऊन बसतात. जुन्या अँबॅसॅडर, फियाट, ट्रकवाल्यांनी 45/40 वॅटचे गोल बल्ब बदलताना ही काजळी रोज पाहिलेली आहे. बल्ब अजून उडालेला नाही, पण काच आतून करडी झाली आहे आणि रस्ता दिसेनासा झाला आहे. तारेचं तापमान वाढवलं तर उजेड वाढतो, पण काजळीही वाढते. आयुष्य आणि उजेड यांच्यातली ही ओढाताण बल्ब बनवणाऱ्यांना पन्नास वर्षं पुरली.

जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर याच काजळीच्या मागे लागला होता. बल्बमध्ये पाण्याच्या वाफेचा नुसता अंश राहिला तरी काच झपाट्याने काळी पडते, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने लावलेलं कारण असं: तापलेल्या तारेपाशी पाणी फुटतं, ऑक्सिजन टंगस्टनला धरतो आणि ते ऑक्साइड उडून काचेवर बसतं. मग मोकळा झालेला हायड्रोजन येऊन तो ऑक्सिजन काढून घेतो. पुन्हा पाणी तयार होतं आणि ते तारेकडे परततं. टंगस्टन मात्र काचेवरच राहतं. थोडंसं पाणी अख्खी तार वाहून नेऊ शकतं, कारण ते खर्चच होत नाही. रिकाम्या पोहऱ्यांचं रहाटगाडगं फिरत राहावं तसं.

आता याच रहाटाला उलटं फिरवता आलं तर? तारेकडून काचेकडे जाणारं टंगस्टन काचेकडून तारेकडे आणता आलं तर? हॅलोजन बल्ब म्हणजे नेमकं हेच. मला ज्या कुळाचा शोध होता ते या उलट्या फेऱ्याचं.

आयोडीनपासून सुरुवात करू. 1811 साल, फ्रान्स, नेपोलियनची युद्धं. बेर्नार कुर्त्वा नावाचा माणूस तोफेच्या दारूसाठी सोरा तयार करत होता. त्यासाठी नॉर्मंडी-ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या समुद्रशेवाळाची राख वापरली जाई. भांड्यांना बसलेली पुटं तो अॅसिडने साफ करत असताना जांभळी वाफ उठली आणि गार पृष्ठभागावर काळसर चकचकीत स्फटिक जमले. त्याच्या मांजराने अॅसिडची बाटली लवंडली आणि शोध लागला, अशी एक गोष्ट फार लाडकी आहे. मला ती पटत नाही. अॅसिडने भांडी धुणं हे त्या धंद्यातलं नेहमीचं काम होतं. कधी ना कधी अॅसिड जास्त पडणारच होतं, त्यासाठी मांजराची गरज नव्हती. कुर्त्वा 1838 साली गरिबीत वारला. पण त्याने पाहिलेल्या त्या वाफेत आपल्या बल्बचा सगळा स्वभाव आहे: आयोडीन तापलं की उडतं आणि गार जागी पुन्हा जमतं.

हे आयोडीन, किंवा त्याच्या कुळातलं क्लोरीन-ब्रोमीन, दिव्यात घालायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं? इथे दावेदार बरेच. जुने अभ्यासक 1882च्या स्क्रिब्नरच्या पेटंटकडे बोट दाखवतात, ज्यात कार्बनच्या तारेच्या दिव्यात क्लोरीन भरलेलं होतं. काही जण 1892च्या 'नोव्हॅक' दिव्याचं नाव घेतात, त्यात ब्रोमीनची वाफ होती. हे दोन्ही दावे मी बाजूला ठेवतो. नोव्हॅकचा खरा उद्देश एडिसनच्या निर्वात दिव्याच्या पेटंटला बगल देणं हा होता. आत पोकळी नाही, वायू आहे, म्हणून तुमचं पेटंट आम्हाला लागू नाही, असा तो युक्तिवाद. शिवाय कार्बनचा फेरा असा परत येत नाही. नाव एकच असलं म्हणून वंश एक होत नाही.

माझ्या मते खरा आजोबा हॉलंडमध्ये आइंडहोव्हेनला, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सापडतो. मला तो टायटॅनियमविषयी वाचताना भेटला. 1925 साली आंतोन व्हान आर्केल आणि यान द बूर यांनी अतिशुद्ध धातू मिळवायची एक पद्धत काढली. हवा काढलेल्या बंद भांड्यात अशुद्ध टायटॅनियम किंवा झिर्कोनियम ठेवायचं, चिमूटभर आयोडीन सोडायचं आणि मधोमध एक तार विजेने तापवायची. भांड्याच्या कडेला, काहीशे अंशांवर, आयोडीन धातूला धरतं आणि वाफ होऊन निघतं. ही वाफ लखलखत्या तारेपाशी पोहोचली की फुटते. धातू तारेवर जमतो, आयोडीन सुटून पुन्हा कडेला जातं आणि पुढचा घास घेतं. बारीक तारेची बघता बघता कांडी होते. ही आकृती पाहिली आणि मी थबकलो. बंद भांडं, मधोमध तापलेली तार, आयोडीनची वाफ, भिंतीवरून तारेकडे जाणारा धातू. टायटॅनियमच्या जागी टंगस्टन लिहा, की झाला हेडलाईटचा बल्ब! 1950च्या दशकात अमेरिकेच्या 'नॉटिलस' या पहिल्या अणुपाणबुडीच्या कामासाठी लागणारं शुद्ध झिर्कोनियमही सुरुवातीला याच मार्गाने काढलं गेलं.

आणि ही पद्धत बल्बच्याच कारखानदाराच्या प्रयोगशाळेत जन्मली, हा मला योगायोग वाटत नाही. तारेपासून सुरू झालेला विचार धातुशास्त्रात फिरून पुन्हा तारेकडे आला, असं माझं ठाम मत आहे.

याला विरोध करणारे लोक क्लीव्हलँडच्या नेला पार्ककडे बोट दाखवतात, आणि त्यांच्याकडे कागद आहेत. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या एल्मर फ्रिड्रिच आणि एमेट वायली यांनी टंगस्टनच्या दिव्यात आयोडीन घातलं आणि 1959 साली त्यांना पेटंट मिळालं. पण त्यांनी सुरुवात केली होती ती उजेडाच्या दिव्यापासून नव्हे, तर उष्णतेच्या दिव्यापासून. वाळवण्या-तापवण्यासाठी क्वार्ट्झच्या पेन्सिलीएवढ्या बारीक नळ्या तिथे तयार होत, आणि त्या नळ्या आतून काळ्या पडत. त्याच वर्षी झब्लर आणि मॉस्बी या तिथल्याच संशोधकांनी हा फेरा मोजून-मापून मांडला.

या वादात मी दोघांनाही वाटा देतो. रसायन आइंडहोव्हेनचं, घर क्लीव्हलँडचं. कारण आयोडीनचा फेरा चालायला भिंत गरम हवी, निदान अडीचशे अंश. साध्या बल्बची मोठी गोल काच तेवढी तापतच नाही, आणि तापवली तर मऊ पडते. तारेला चिकटून बसलेली क्वार्ट्झची नळी मात्र सहज तापते आणि टिकते. ती नळी हातात नसती तर आइंडहोव्हेनचं रसायन कागदावरच राहिलं असतं. कुपी छोटी झाल्यामुळे आणखी एक फायदा झाला. आत वायू जास्त दाबाने भरता आला, आणि दाबामुळे तार मुळातच कमी झिजू लागली. म्हणून तार तीन हजार अंशांच्या आसपास नेता आली.

पुढचा प्रवास झरझर झाला. आधी जेट विमानांच्या पातळ पंखांच्या टोकाला हा छोटा प्रखर दिवा लागला. 1962 साली युरोपातल्या कारखानदारांनी मिळून एच-1 आणला, एका तारेचा. दोन तारांचा एच-4 यायला 1971 उजाडलं. अमेरिकेत 1940पासून पूर्ण सील केलेल्या दिव्याची सक्ती होती, त्यामुळे ज्या देशात हा दिवा जन्मला तिथेच बदलता येणारा हॅलोजन बल्ब मोटारीत यायला 1983 लागलं. दरम्यान आयोडीनची जागा हळूहळू ब्रोमीनने घेतली, कारण आयोडीनची वाफ थोडा प्रकाश स्वतःच गिळते. ब्रोमीनही समुद्राचंच: बालारने 1826 साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मिठागराच्या पाण्यातून काढलेलं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. हा फेरा झिजलेली तार दुरुस्त करतो, असं अनेक ऑटो इलेक्ट्रिशियनही सांगतात. तसं होत नाही. टंगस्टन परत येतं ते तारेच्या तुलनेने गार भागांवर, तर तार झिजते सगळ्यात तापलेल्या जागी. म्हणून बल्ब शेवटी उडतोच. फेरा काच स्वच्छ ठेवतो, एवढंच त्याचं काम, आणि ते मोठं आहे.

आता बल्ब बदलण्याकडे येऊ. बोट का लावायचं नाही? त्वचेवरच्या मिठातला सोडियम तापलेल्या क्वार्ट्झला डाग पाडतो आणि तिथे कुपी कमजोर होते. 'प्लस 50', 'प्लस 100' लिहिलेल्या चांगल्या कंपनीच्या बल्बांत काय असतं? तार जास्त तापवलेली आणि जास्त घट्ट गुंडाळलेली, आणि बरेचदा आत झेनॉनसारखा जड वायू. उजेड खरंच लांब जातो, त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. निळसर काचेचे बल्ब पांढरे दिसतात ते पिवळा-लाल प्रकाश काचेत अडवून. म्हणजे रस्त्यावर उजेड कमीच पडतो, आणि पावसाळी आंबोलीच्या किंवा वरंध्याच्या घाटात नेमका तोच कमी पडतो.

सगळ्यात मोठी सुधारणा बहुतेक जुन्या गाड्यांत बल्बमध्ये नसतेच, वायरिंगमध्ये असते. या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीन घाताने बदलतो. बल्बपाशी 13.2 व्होल्टऐवजी 12च पोहोचत असतील, तर पाव भागाहून जास्त उजेड गेला. बारीक तारा, गंजलेला अर्थ आणि स्विचमधून जाणारा अख्खा करंट हे याला कारणीभूत. पुण्याच्या नाना पेठेतून रिले आणि जाड वायरचा हार्नेस आणून बसवला तर तोच 60/55चा बल्ब नव्याने पेटल्यासारखा दिसतो. याउलट 100/90 वॅटचा बल्ब जुन्या वायरिंगवर चढवला तर कपलर वितळतो, रिफ्लेक्टरचा लेप जळतो आणि समोरचा आंधळा होतो. कायद्यातही तो बसत नाही.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातली एलईडी बसवणाऱ्यांनी वर सांगितलेली पत्र्याची वाटी आठवावी. तारेची जागा आणि आकार सोडून प्रकाश दुसरीकडून निघाला की रिफ्लेक्टरचा हिशेब चुकतो. झोत विस्कटतो, जवळचा रस्ता लख्ख दिसतो आणि लांबचा खड्डा दिसत नाही. जी गाडी मुळातच एलईडीसाठी घडवलेली आहे तिची गोष्ट वेगळी.

तेव्हा पुढच्या वेळी बल्ब घ्यायला जाल तेव्हा आधी मल्टिमीटर लावून चालू हेडलाईटच्या होल्डरपाशी व्होल्टेज मोजून घ्या, पिवळी पडलेली पुढची काच घासून घ्या, फोकस भिंतीवर टाकून सेट करून घ्या. आणि मग नेमून दिलेल्या वॅटचा, साध्या काचेचा, चांगल्या कंपनीचा हॅलोजन जोडीने बसवा. अप्पर मारत येणाऱ्यालाही घरी पोहोचायचं आहे, डिपर वेळेवर द्या.