सेंबियन कंडियूर कुऱ्हाड-लेख

तमिळनाडूत कुंभकोणमच्या पूर्वेस, मयिलाडुदुरैजवळच्या सेंबियन कंडियूर गावी २००६ मध्ये मिळालेल्या नवाश्मयुगीन दगडी कुऱ्हाडीवरील चार कोरीव खुणा. एका शाळामास्तरांनी केळी-नारळाची रोपे लावण्यासाठी परसात खणले, तेव्हा घासून गुळगुळीत केलेल्या दोन कुऱ्हाडी निघाल्या. खुणा एकीवरच आहेत. तरंगंबाडीच्या डॅनिश किल्ल्यातील संग्रहालयामार्फत ती पुरातत्त्व खात्याकडे आली.

वाचन : इरावतम् महादेवन (१९३०–२०१८) यांनी या खुणा सिंधू लिपीच्या ठरवल्या. ४१७ चिन्हांची त्यांची सिंधू-सूची १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेली होती. पहिली खूण उकिडवे बसलेल्या, फासळ्या दिसणाऱ्या आकृतीची, दुसरी घटाची; ही जोडी हडप्प्यातही वारंवार येते. ती त्यांनी ‘मुरुगन’ अशी वाचली. कुंभकोणमलगतच्या स्वामिमलैचे दैवतही मुरुगनच. मात्र हा पुरावा नव्हे. दगड द्वीपकल्पातला असल्याने कुऱ्हाड उत्तरेकडून आली नसावी, असे त्यांचे मत. काळ त्यांच्या अंदाजाने इ.स.पू. २०००–१५००.

आक्षेप : कुऱ्हाड शास्त्रीय उत्खननातली नाही, त्यामुळे थराचा आधार मिळत नाही. सिंधू लिपीचे सर्वमान्य वाचन अद्याप नाही. ती भाषा लिहिणारी लिपीच नव्हे, असेही २००४ मध्ये मांडले गेले.

दायमाबादशी तुलना : ही कुऱ्हाड मिळेपर्यंत सिंधू चिन्हांची दक्षिण सीमा महाराष्ट्रात प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला मानली जाई. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ बोपर्डीकरांनी उजेडात आणलेल्या या स्थळी पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननात (१९७५–७९) उत्तर-हडप्पा थरातून मातीची मुद्रा व चिन्हांकित खापरे निघाली. येथे थर पक्का आहे, हे महत्त्वाचे. रथ, हत्ती, गेंडा व रेडा हा प्रसिद्ध कांस्यसंच मात्र १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना लाभला. म्हणून त्याच्या काळाबद्दल वाद उरलाच. कंडियूर तेथून हजार किलोमीटरहून दूर आहे, आणि मधल्या टापूतला दुवा क्षीण आहे.

पुढील लेखन : तमिळनाडूतले पुढचे ज्ञात लेखन तमिळ ब्राह्मी लिपीतले; तिच्यातले मांगुळमचे गुहालेख सामान्यतः इ.स.पू. दुसऱ्या शतकातले, म्हणजे कुऱ्हाडीच्या अंदाजित काळानंतर हजाराहून अधिक वर्षांनी, धरतात.