फुगलेले कपॅसिटर आणि दादाची दहावी

दिवाळीत डोंबिवलीला घरी गेलो होतो. माळा साफ करताना आमचा पहिला कॉम्प्युटर सापडला. २००३ साली असेंबल करून घेतलेला, पेंटियम ४, २५६ एमबी रॅम आणि दादाने हट्ट करून लावून घेतलेलं ग्राफिक्स कार्ड. या डब्याने आमच्या घरात जेवढी भांडणं लावली तेवढी कुठल्या नातेवाईकानेही लावली नसतील :-)

तक्रार एकच. वर्ड चालायचं, गाणी वाजायची, पण दादाने रेसिंगचा गेम लावला की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन फ्रीज, नाहीतर थेट रीस्टार्ट. साल २००६, दादाची दहावी. बाबांचा निकाल तयार होता: गेममुळे व्हायरस येतो. हार्डवेअरवाल्याने दोनदा फॉरमॅट मारलं, रॅम काढून खोडरबराने घासली आणि जाताना तोही म्हणाला, "गेम जरा कमी खेळा." झालं. सीड्या जप्त. दादा बाबांशी कित्येक दिवस नीट बोलत नव्हता.

यंदा कॅबिनेट उघडलं आणि दोन मिनिटांत खरा गुन्हेगार दिसला. प्रोसेसरच्या शेजारी छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात ना, त्यातल्या पाचांची डोकी फुगली होती. एकातून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलं होतं.

आता थोडा इतिहास. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डवर हेच झालं. 'कपॅसिटर प्लेग' म्हणतात त्याला. या कपॅसिटरच्या आतल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये पाणी असतं, आणि पाण्याने अॅल्युमिनियम खाऊ नये म्हणून त्यात काही रसायनं घालतात. ती नसली किंवा कमी पडली की हायड्रोजन तयार होतो, दाब वाढतो आणि डोकं फुगतं.

पण मग वर्ड कसं काय चालायचं? गंमत इथेच आहे. प्रोसेसरला साधारण दीड व्होल्ट लागतात, पण करंट मात्र चाळीसेक अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. तो व्होल्टेज स्थिर ठेवणं हे या कपॅसिटरांचं काम. वर्डमध्ये प्रोसेसर जवळजवळ झोपलेलाच असतो, त्यामुळे आजारी कपॅसिटरही निभावून नेतो. गेम सुरू झाला की प्रोसेसर दाबून करंट ओढतो, व्होल्टेज डळमळतं आणि मशीन कोसळतं. म्हणजे गेममुळे बिघाड होत नव्हता, गेममुळे बिघाड कळत होता.

हे सगळं झालं कशामुळे? एका जपानी कंपनीतला फॉर्म्युला चोरून तैवानला पोचला आणि चोरांना तो अर्धवटच मिळाला, अशी गोष्ट 'आयईईई स्पेक्ट्रम'ने २००३ साली छापली होती. झकास कथा आहे, सिनेमा निघेल! पण मला ती पुरी पटत नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मशीन्सही अशाच मेल्या आणि त्यातले कपॅसिटर चक्क जपानी निचिकॉनचे होते. २००५ साली डेलने या दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले.

पुढे एका खटल्यात डेलची कागदपत्रं उघड झाली आणि २०१० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यावर बातमी केली. त्यातला एक किस्सा वाचून मी उडालोच. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातली मशीन्स बंद पडत होती. डेलने काय सुचवावं? तुम्ही त्यांच्याकडून फार अवघड गणितं करून घेता, म्हणून! आमचा हार्डवेअरवाला आणि डेल, दोघांचं निदान एकच.

असो. मी नवीन कपॅसिटर आणले. जुने काढताना हात भाजला, एक ट्रॅक उखडता उखडता राहिला, पण जमलं. हार्ड डिस्क फिरली हेच आश्चर्य. सीड्या आईने शोधून दिल्या, बाबांच्या कपाटात एलआयसीच्या फायलींखाली होत्या. गेम दीड तास चालला, एकदाही अडकला नाही.

बाबा मागे खुर्ची टाकून बघत होते. काढलेले कपॅसिटर त्यांनी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. मग काही न बोलता दादाला फोन लावला आणि बाल्कनीत गेले.

पाच मिनिटांनी फोन माझ्याकडे आला. दादाने पहिला प्रश्न विचारला, "सीड्या कुठे सापडल्या रे?"