डांबर मागे, वीट पुढे

सोसायटीच्या उघड्या स्विमिंग पूलच्या काठाला कुठलं कोटिंग द्यायचं म्हटलं की बहुतेक जण आधी रंग बघतात. मला मोहेंजोदडो आठवतं. सिंधमधलं तिथलं महास्नानगृह १९२५-२६च्या उत्खननात सापडलं. वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. हौद सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल. गंमत म्हणजे पाणी अडवणारं डांबर त्या लोकांनी वरून फासलंच नाही. कडेवर उभ्या केलेल्या विटा जिप्समच्या मसाल्यात घट्ट बसवल्या आणि डांबराचा थर भिंतीच्या विटांमागे दडवला. पायाखाली आली ती वीट, आणि पायऱ्यांवर लाकडी फळ्या.

म्हणजे एका थराचं एकच काम! आपण मात्र एकाच चकचकीत इपॉक्सीकडून सगळं मागतो. ते उन्हात पिवळं पडतं, आणि ओलं झालं की पोरं धडाधड घसरतात. त्यापेक्षा खाली वॉटरप्रूफिंग, वर ऊन सोसणारं अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेन आणि त्यात बारीक सिलिका वाळू. ऑर्डर देण्याआधी नमुन्यावर पाणी ओता आणि अनवाणी उभे राहून बघा. डोकं फुटण्यापेक्षा तळव्यांना जरा खरखरीत लागलेलं बरं, नाही का?