‘दमदार आहे, पण नवीन काय?’ मेलोडिक डेथ मेटलचे अल्बम एकसारखे का वाटतात?

मेटल ऐकणाऱ्या मित्राला नव्या अल्बमबद्दल विचारलं, तर एक उत्तर हमखास मिळतं: ‘दमदार आहे, पण नवीन काही नाही.’ मेलोडिक डेथ मेटलच्या वाट्याला हा शेरा जरा जास्तच येतो. गिटार चोख, ड्रम चोख, रेकॉर्डिंग स्वच्छ. तरी दुसऱ्या गाण्यापर्यंत वाटायला लागतं की हे आधी कुठंतरी ऐकलंय. असं का होतं? आणि असा अल्बम ऐकायचा की सोडून द्यायचा?

आधी हा प्रकार समजून घेऊ

डेथ मेटल 1980 च्या दशकात पुढं आलं. घशातून काढलेला गुरगुरता आवाज, जड गिटार आणि प्रचंड वेगाचे ड्रम ही त्याची ओळख. अमेरिकेतल्या ‘डेथ’ या बँडचा 1987 चा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ हा त्यातल्या सुरुवातीच्या अल्बमपैकी एक.

यात चाल कमी आणि मारा जास्त होता. स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरातल्या पोरांनी आवाज आणि वेग तसाच ठेवला, पण गिटारवर गुणगुणता येईल अशी चाल आणली. ही युक्ती त्यांनी आयर्न मेडनसारख्या जुन्या हेवी मेटल बँडकडून उचलली. एक गिटार ‘सा’ वाजवत असेल, तर दुसरी त्याच वेळी ‘कोमल ग’ वाजवते आणि दोघी जोडीनं पुढं सरकतात. म्हणून नाव पडलं मेलोडिक डेथ मेटल.

साचा तयार झाला तो असा

1995 मध्ये अॅट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि डार्क ट्रँक्विलिटीचा ‘द गॅलरी’ आला. 1996 मध्ये इन फ्लेम्सचा ‘द जेस्टर रेस’ आला. तिन्ही बँड गॉथेनबर्गचे. तिन्ही अल्बम फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉम यांच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये रेकॉर्ड झालेले.

म्हणजे शहर एक, स्टुडिओ एक आणि काळही एकच. त्यातून जो आवाज तयार झाला, तोच पुढच्या बँडसाठी नमुना ठरला. अमेरिकेतल्या मेटलकोर बँडनीही त्याच्या गिटारच्या चाली घेतल्या. मेहनत केली तर हा साचा शिकता येतो, आणि म्हणूनच तो जगभर पसरला. चांगलं वाजवणारे पुष्कळ झाले, वेगळं वाजवणारे मोजकेच राहिले.

मुंबईच्या बँडचं उदाहरण

2000 साली साहिल मखिजा यांनी मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड सुरू केला. हा काही शुद्ध मेलोडिक डेथ मेटल बँड नाही. डेथ मेटल, ब्लॅक मेटल आणि कीबोर्ड यांची ती मिसळ आहे. 2005 चा त्यांचा ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ ऐकताना नॉर्वेच्या डिमू बोर्गिरसारख्या बँडची आठवण येते. काम नेटकं आहे, पण वळण युरोपचं.

2010 मध्ये याच बँडला ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. पुढं 2017 मध्ये ‘दशावतार’ आला. 10 गाणी आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक. जड गिटारच्या जोडीला भारतीय वाद्यं. गुरगुरता आवाज तोच, वेगवान ड्रम तेच, पण हा अल्बम ऐकून बँड कुठला हे विचारावं लागत नाही.

मात्र नुसती सतार किंवा बासरी घातली की काम झालं, असंही नाही. ती गाण्यातून काढून टाकल्यावर काहीच बिघडत नसेल, तर ती फक्त सजावट.

साचा उसना असला म्हणजे काम उसनं?

याचं उत्तर मेटलपासून फार लांब, परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडात सापडतं. हे संत जनाबाईंचं गाव. अभंग हा प्रकार एकट्या जनाबाईंचा नाही. नामदेवांसह सगळे वारकरी संत त्यातच रचना करत होते. पण जनाबाईंनी त्यात दळण-कांडण आणल्यामुळं, घरकामात हात लावणारा विठ्ठल आणल्यामुळं, त्यांचा अभंग गर्दीतही ओळखू येतो.

साचा सगळ्यांचा असतो. त्यात स्वतःचं काय ओतलं, हा खरा प्रश्न.

मग असा अल्बम ऐकायचा कसा?

तीन गोष्टी तपासा:

• अल्बम संपल्यावर एखादी तरी चाल डोक्यात राहते का?
• बँडचं नाव लपवलं तरी तो ओळखता येईल का?
• गाणी ज्या विषयावर आहेत, तो त्यांचा स्वतःचा वाटतो का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि बाकी दोन्हींचं ‘नाही’ आलं, तर तो दमदार पण उसना अल्बम. तो वाईट नाही. प्रवासात, व्यायाम करताना खुशाल ऐका. बरेच बँड आधी असाच एखादा अल्बम करतात आणि हात बसला की स्वतःचं काही शोधतात.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी आधी ‘स्लॉटर ऑफ द सोल’ ऐकावा, मग ‘द जेस्टर रेस’ आणि त्यानंतर ‘दशावतार’. मूळ साचा कानात बसला की नक्कल कुठं आहे आणि भर कुठं घातली आहे, हे आपोआप कळायला लागतं.