माइंडस्ट्री : खेळाडूंची मते

माइंडस्ट्री : कारखाना उभारणे आणि शत्रूपासून तळ राखणे यांची सांगड घालणारा मुक्तस्रोत व्हिडिओ गेम. अनुकेन या टोपणनावाच्या विकसकाने तो २०१७ मध्ये एका गेम जॅमसाठी, म्हणजे मोजक्या दिवसांत गेम घडवण्याच्या स्पर्धेसाठी, जावा भाषेत रचला आणि पुढे वाढवत नेला. संगणक व अँड्रॉइड फोनसाठी तो विनामूल्य मिळतो. सप्टेंबर २०१९ पासून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात विकतही मिळतो. मूळ संहिता जीपीएल परवान्याखाली खुली आहे.

फुकट असून जाहिराती नाहीत, याचे खेळाडूंना सर्वांत आधी अप्रूप वाटते. पण खेळणारे वर्षानुवर्षे टिकले ते गेमच्या घडणीमुळे. ड्रिलने काढलेले तांबे कन्व्हेयरवरून थेट ‘ड्युओ’ तोफेत जाते आणि तोच तिचा दारूगोळा. त्या पट्ट्यावर शिशाचे चार तुकडे मिसळले, की तोफ ते घेत नाही, पट्टा तुंबतो आणि शत्रूची पुढची लाट येते तेव्हा तोफ गप्प असते. आखणीतली चूक अशी रणात उघडी पडते. अनुभवी खेळाडू गेमची खरी गोडी इथेच मानतात, आणि ते योग्यच आहे.

खेळाडूंमध्ये सर्वाधिक चर्चा होते ती ‘राउटर’ची. आलेला माल आजूबाजूला वाटणारा हा साधा ठोकळा नवशिक्यांना फार सोयीचा वाटतो. मात्र दोन राउटर शेजारी ठेवले, की माल त्यांच्यातच मागेपुढे फिरत राहतो. राउटरांची माळ हा जुन्या खेळाडूंचा लाडका थट्टेचा विषय आहे. त्यांचा सल्ला एकच : वाटणीसाठी निवडलेला माल वेगळा काढणारा सॉर्टर आणि पुढची वाट भरली की माल बाजूला वळवणारे ओव्हरफ्लो गेट वापरायला लवकर शिका.

तक्रारीही खऱ्या आहेत. सुरुवातीची शिकवणी तोकडी आहे. एक भाग कोळसा व दोन भाग वाळू यांपासून वीज वापरून सिलिकॉन करायचे, इथवर नवखा पोचतो. पुढे प्लास्टॅनियम, थोरियम अणुभट्टी आणि तिला थंड ठेवणारा क्रायोफ्लुइड आला, की बरेच जण गोंधळतात. शीतन थांबले तर भट्टी फुटते. सार्वजनिक सर्व्हरवर कोणी मुद्दाम ती फोडून सर्वांची मेहनत धुळीला मिळवतो, हे गाऱ्हाणे जुने आहे. फोनच्या लहान पडद्यावर दाट पट्टे आखताना बोट चुकते, हेही खरे.

फॅक्टोरिओ या कारखाना उभारणीच्या गेमशी तुलना अटळच. एकाच अखंड जगात संथपणे विस्तार करण्याची सवय असलेल्यांना माइंडस्ट्रीतले सुटे सुटे सेक्टर आणि लाटांची घाई खटकते. टॉवर डिफेन्सच्या, म्हणजे तोफा मांडून शत्रूच्या लाटा रोखण्याच्या गेमच्या, चाहत्यांना तीच घाई हवी असते. २०२२ च्या सातव्या आवृत्तीत सर्पुलो या मूळ ग्रहाला एरेकिर हा दुसरा ग्रह जोडला गेला. तिथे बेरिलियम, टंगस्टन, वेगळी यंत्रे आणि जास्त आखीव मोहिमा आहेत. काहींना तो नेटका वाटला, काहींना सर्पुलोवरचा मोकळेपणा गमावल्यासारखे झाले. कारखाना स्वतःच्या मनाने वाढवण्याची मुभा पाहता सर्पुलोच सरस ठरतो.

नव्या खेळाडूने विनामूल्य आवृत्तीपासून सुरुवात करावी. गेम आवडला तर विकसकाला हातभार म्हणून स्टीमवरची प्रत घ्यावी. अनेक चाहत्यांनी तसे केले आहे.