शिकता शिकता कमावलेली माणसं

१९८८ साली मी तळेगावच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. कामशेतहून लोकलनं जायचो, तास संपले की मिळेल त्या गाडीनं परत. दोन महिने झाले तरी मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. वर्गात मुसलमान मी एकटाच. कुणी वावगं बोललं नाही, पण डबा खायला बोलावलंही नाही. आणि मीही आपण होऊन गेलो नाही.

घरची ओढाताण होती. म्हणून शनिवार-रविवार लोणावळ्याला चिक्कीच्या एका कारखान्यात काम धरलं. मित्रहो, चिक्की हे एकट्याचं काम नव्हे. गुळाचा पाक झाला की त्यात भाजलेले शेंगदाणे घालायचे, ओट्यावर ओतून गरम असतानाच लाटायचं आणि कडक व्हायच्या आत वड्या पाडायच्या. एकानं हाक दिली आणि दुसरा गप्प राहिला, की अख्खा घाणा वाया! माझ्यासारख्या मुखदुर्बळालाही ओरडावं लागलं.

तिथं माझ्याच वर्गातली दोन मुलं भेटली, पवन मावळातली. पहिल्याच रविवारी दुपारी कामावरच्या मावशी म्हणाल्या, "बस की रं पोरा, उभा का?" त्यांची भाकरी आणि अम्मीनं दिलेलं कालवण एकाच कागदावर आलं. सोमवारी कॉलेजात त्या दोघांनी माझ्यासाठी बाकावर जागा धरली होती.

पुढं इतिहास वाचताना कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) भेटले आणि या जेवणाचा अर्थ उलगडला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं. नाना जातिधर्मांची मुलं तिथं एकत्र राबत आणि एकाच पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं, तेही 'कमवा व शिका' याच तत्त्वावर. पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावानं ओळखली जाते.

ही योजना गरिबांच्या फीची सोय, एवढंच आपण समजतो. फी तर एखादा दाताही भरील. पण दान घेणारा मुलगा पाहुण्यासारखा अवघडून बसतो. बरोबरीनं घाम गाळणारा घरचा होतो. भाऊरावांनी मुलांच्या हाती आधी कुदळ दिली आणि मग पंगत मांडली, यातलं मर्म मला चिक्कीच्या ओट्यापाशी कळलं.

माझा पहिला पगार अब्बांच्या हातात पडला आणि त्याच महिन्यात संपला. त्या दोघांतला एक मात्र अजून दर ईदला न बोलावता घरी येतो. येताना चिक्कीचा पुडा आणतो, आणि आधी आपणच फोडतो.